गोटीला दोन टोकं असतात

साताऱ्यात राजपथावर माझं चष्म्याचं दुकान होतं. 31 वर्षं मी भिंगं घासली, फ्रेममध्ये बसवली, आणि काचेवर ओरखडा दिसला तर गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत ती बाजूला टाकली. खूण म्हणजे खोट, हे आमच्या धंद्याचं गणित. त्यामुळे जुन्या काचेच्या गोट्या जमवणाऱ्या एका अमेरिकन म्हाताऱ्याने मला पहिला धडा दिला, तेव्हा मी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. तो म्हणाला, "गोटी हातात आली की आधी तिची टोकं शोधा."

गोटीला टोकं कुठली? लहानपणी आमच्या खिशात टोक नसलेली वस्तू एकच असायची, ती म्हणजे गोटी.

या पुस्तकाची सगळी पानं त्या एका वाक्यामागे धावली आहेत. पण ती सुरू होण्याआधी हा नाद मला कसा लागला आणि गोट्यांत एवढं पाहण्यासारखं काय आहे, ते सांगायला हवं. नाहीतर साठी उलटलेला हा माणूस गोट्या खेळत बसतो, अशी जी समजूत आमच्या आळीत आहे, तीच वाचकांचीही व्हायची.

मुलगी ओहायोत असते, ॲक्रन शहरापासून अर्ध्या तासावर. मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांना ते सहा महिने कसे जातात हे सांगायला नको. पहिला महिना कौतुकाचा, दुसरा नायगाऱ्याचा आणि उरलेले चार खिडकीतून अंगण बघण्याचे. अशाच एका शनिवारी जावई मला ‘अँटिक मॉल’मध्ये घेऊन गेले. नाव भारदस्त, आत आपला जुना बाजारच. पुण्यात जे ताडपत्रीवर मांडलेलं असतं ते तिथे काचेच्या कपाटात होतं, एवढाच फरक. एका कपाटात लोणच्याच्या बरणीत गोट्या भरून ठेवल्या होत्या. बरणीवर 18 डॉलरची चिठ्ठी. मी ती नातवासाठी घेतली. नातवाने तासाभरात निम्म्या गोट्या सोफ्याखाली घालवल्या, आणि त्या गोळा करताना एक गोटी बोटाला खरखरीत लागली.

दुकान गेलं तरी खिशातलं दहापटीचं भिंग गेलेलं नाही. ते काढून पाहिलं. गोटीच्या एका बाजूला तिळाएवढी खडबडीत जागा, आणि तिच्या अगदी समोर, पलीकडच्या ध्रुवावर, तशीच दुसरी. आत पांढऱ्या धाग्यांचं जाळं. त्याच्याभोवती लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्यांचा पीळ. सगळे पट्टे एका खडबडीत ठिपक्यातून निघालेले आणि दुसऱ्यात जाऊन मिळालेले. बरणीतल्या बाकीच्या गोट्यांना असं काही नव्हतं. त्या गुळगुळीत होत्या, आणि थोड्याच वेळात मला त्या मुक्या वाटायला लागल्या.

ते दोन ठिपके कशाचे, याचं उत्तर जर्मनीत आहे.

मुळात गोट्या काचेच्या नव्हत्याच. आपला शब्दच ते सांगतो. नदीतला तो गोटा, आणि त्याचं लहान रूप ती गोटी. इंग्रजीतला शब्दही संगमरवरावरूनच आला. बव्हेरियाच्या आल्प्समध्ये बेर्ख्तेसगाडनजवळ ओढ्याच्या पाण्यावर चालणारी गोट्यांची एक गिरणी 1683 पासून आहे. खाली दगडाची खाच पाडलेली तळी, वर लाकडी चाक, मध्ये संगमरवराचे ओबडधोबड तुकडे. पाणी चाक फिरवत राहतं आणि तुकडे घासून घासून गोल होतात. ती आजही फिरते. अशा दगडी गोट्यांना टोकं नसतात, कारण त्या झिजून झालेल्या असतात. काचेची गोटी कापून होते. सगळा फरक एवढ्यात आहे.

थुरिंगियाच्या डोंगरांत लाउशा नावाचं गाव आहे. 1597 साली हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी तिथे काचेची भट्टी लावली, आणि पुढे त्या गावाने काच सोडून दुसरं फारसं काही केलंच नाही. ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे काचेचे रंगीत गोळे याच गावचे. काचेचे कृत्रिम डोळेही इथलेच. 1835 साली लुडविग म्युलर-उरीने तिथे ते करायला घेतले. डोळ्यांच्या धंद्यातला माणूस म्हणून हे वाचताना मी खुर्चीत जरा सावरून बसलो. आणि 1840 च्या दशकात ग्राइनर घराण्यातल्याच एका कारागिराने एक चिमटा घडवला. एका पात्याला गोटीच्या मापाची छोटी वाटी, दुसऱ्याला धार. जर्मनीत त्याला गोट्यांची कात्रीच म्हणतात. साधी वस्तू, पण तिच्यामुळे एका घरात दिवसाला ढीगभर गोट्या व्हायला लागल्या.

काम कसं चालायचं ते नीट समजून घेतलं तर पुढचं अर्धं पुस्तक आपोआप कळतं. लोखंडी दांड्यावर तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा. हा गाभा. त्याला पेन्सिलीसारख्या रंगीत काचकांड्या लांबीच्या दिशेने चिकटवायच्या. वर स्वच्छ काचेचा थर द्यायचा, हवं तर त्यावर पुन्हा कांड्या, पुन्हा थर. मग सगळं तापवून ओढायचं, आणि ओढता ओढता पिळायचं. जत्रेतला रेवडीवाला गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढतो आणि पिळतो, तो आठवा. हात तेच, फक्त पाक भट्टीतला. हाताच्या बोटाएवढी किंवा त्याहून जाड लांब कांडी तयार झाली की तिचं मऊ टोक वाटीत ठेवून फिरवायचं आणि धार दाबायची. एक गोटी सुटली. पुढचं टोक वाटीत. दुसरी सुटली. मग त्या गरम पिंपात फिरवायच्या आणि भट्टीच्या उबेत सावकाश निवू द्यायच्या. घाई केली तर काच आतून तडकते.

म्हणजे प्रत्येक गोटीला दोन जखमा. एक आधीच्या गोटीपासून तुटल्याची आणि दुसरी पुढच्या गोटीपासून. कांडीचा पीळ दोन्हीकडे जाऊन संपतो तो याच ठिकाणी. हातात एकच गोटी असली तरी ती अनेक भावंडांतली असते, आणि जमवणारे लोक एकाच कांडीची दोन भावंडं शोधण्यात वर्षं घालवतात.

कांडीच्या पहिल्या आणि शेवटच्या गोटीची गोष्ट निराळी. शेवटच्या गोटीत रंगाच्या पट्ट्या मध्येच खुंटतात, गाभा अर्ध्यावर संपतो आणि उरलेला भाग नुसती काच राहते. कारखान्याच्या हिशेबात तो तुकडाच. माझ्या संग्रहात अशा 11 आहेत आणि माझा जीव त्यांच्यावर सगळ्यांत जास्त आहे. बाजारातही त्यांना मान आहे, पण तो आजकालचा; पूर्वी लोक त्या बिघडलेल्या म्हणून बाजूला काढत.

जाळीच्या गाभ्याच्या गोट्या सर्वांत जास्त सापडतात. जाळी पांढरी असली तर नेहमीची, पिवळी असली तर जरा बरी, आणि लाल असली तर तुमचं नशीब. बहुतेक गोट्यांचा पीळ एकाच दिशेचा असतो, बहुधा ओढणाऱ्याच्या हाताची सवय. उलट्या पिळाची गोटी दिसली की जाणकार बोलायचं थांबतो. काही गोट्यांत गाभ्याऐवजी सपाट फीत असते, काहींत रंगाचे शिंतोडे कांद्याच्या सालीसारखे पृष्ठभागाला लागून ताणलेले असतात. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे असलेल्या गोट्यांना जमवणारे ‘इंडियन’ म्हणतात. हे नाव ऐकून मी आधी उगाच छाती फुगवली होती. भारताशी त्यांचा संबंध नाही, त्याही जर्मनच.

नावांचा हा गोंधळ पुढेही भेटतो. ज्या गोटीत सोन्याच्या भुकटीसारखे चमकते कण असतात तिला ‘लुट्झ’ म्हणतात. निकोलस लुट्झ हा बोस्टन अँड सँडविच ग्लास कंपनीतला नामी काचकारागीर. त्याने या गोट्या केल्या असं लोक धरून चालले आणि नाव चिकटलं. त्याने एकही केल्याचा पुरावा नाही. गोट्या जर्मनीतून आल्या, आणि चमकते कण सोन्याचे नसून काचेत अडकलेल्या तांब्याच्या स्फटिकांचे आहेत. तरी नाव राहिलं आणि भावही. माझ्याकडची लुट्झ छोटी आहे, आणि ती घेण्यासाठी मी काय विकलं ते घरात अजून कळलेलं नाही.

आता एका गोष्टीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण ती माझ्या धंद्यातली. काचेची गोटी हे स्वतःच एक भिंग आहे. काचेचा वक्रीभवनांक साधारण दीड. त्यामुळे आतला गाभा आहे त्याच्या दीडपट जाड दिसतो. गाभा गोटीच्या दोन तृतीयांश जाडीचा असला तर तो कडेपर्यंत भरलेला भासतो. मी हे एका संग्राहकाला कागदावर आकृती काढून दाखवलं, तर तो म्हणाला, "तीस वर्षं मी गाभ्यांची जाडी चुकीची लिहून ठेवतोय." गोटी खनिज तेलात बुडवली की तेल आणि काच यांचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा असल्याने गोल पृष्ठभागाचं भिंगपण मावळतं आणि गाभा आपल्या खऱ्या मापात दिसतो. गोटीवरचे बारीक ओरखडेही तेलात दिसेनासे होतात. विकणारे काही लोक गोटीला तेलाचा हात लावून फोटो काढतात, ते एवढ्यासाठीच. फोटोत गोटी फार ओली वाटली तर कोरडी करून दाखवा म्हणावं.

हाच खेळ मातीच्या मूर्ती असलेल्या गोट्यांत फार देखणा होतो. त्यांना ‘सल्फाइड’ म्हणतात, आणि त्यात सल्फर नसतो. पांढऱ्या चिनी मातीची छोटी आकृती काचेत बसवलेली असते. कुत्रा, मेंढी, कोंबडा, क्वचित माणूस. मूर्ती चांदीची असल्यासारखी लकाकते, कारण माती आणि काच यांच्यामध्ये हवेचा अतिशय पातळ पापुद्रा अडकतो आणि प्रकाश त्यावरूनच परततो. मूर्ती बरोबर मध्यात बसणं अवघड, आणि निवताना माती आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून तडा जाण्याची भीती. या गोट्या मोठ्या असतात, आपल्या ढब्बूहून मोठ्या. आज चीनमधून नव्या सल्फाइड भरमसाट येतात. जुनी ओळखायची सोपी रीत अशी: नवी मूर्ती साधारणपणे बोथट, गुबगुबीत आणि नको तितकी मध्यात असते. कारागिराचा हात थोडा चुकलेला दिसला की मला धीर येतो.

जर्मन गोट्यांचा काळ पहिल्या महायुद्धाने संपवला. पण त्यांची जागा घेणारं यंत्र त्याआधीच ॲक्रनमध्ये, माझ्या मुलीच्या घरापासून अर्ध्या तासावर, तयार झालं होतं. तिथे सॅम्युएल डाइक 1884 पासून मातीच्या गोट्यांचा कारखाना चालवत होता. मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्तेन्सन नावाच्या माणसाला धातूचे गोल छर्रे घडवायच्या यंत्रांचा अनुभव होता. त्याने तीच बुद्धी काचेला लावली आणि 1905 साली पेटंट मिळवलं. भट्टीतून काचेचा लगदा हातानेच काढायचा, थेंब पडू द्यायचा, कात्रीने तोडायचा आणि फिरत्या खाचांच्या लाटण्यांवर सोडायचा. लाटणी दोन बाजूंनी फिरत राहतात आणि थेंब सगळीकडून सारखा गोल होतो. टोकं लाटली गेली.

पण पूर्णपणे नाही, आणि माझं या पुस्तकातलं आवडतं प्रकरण तेच आहे. ख्रिस्तेन्सनच्या कारखान्यातल्या माणसाने लगदा दांड्यावरून सोडताना मनगटाला जो झटका दिला, त्याने पांढरी रेघ गोटीच्या माथ्यावर इंग्रजी 9 च्या आकड्यासारखी वळली. काचेने ते वळण धरून ठेवलं. त्या गोट्या आज ‘नऊ’ पाहून ओळखतात. शंभर वर्षांपूर्वीच्या, नावही न उरलेल्या एका मजुराच्या मनगटाचा झटका मी सातारच्या खिडकीत बसून पाहू शकतो.

ख्रिस्तेन्सनचा कारखाना 1917 ला बंद पडला; युद्धामुळे भट्टीचा गॅस मिळेना. गॅस हाच या धंद्याचा प्राण. म्हणूनच ॲक्रनमध्येच निघालेली ‘अक्रो ॲगेट’ कंपनी 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली. तिथे नैसर्गिक वायू स्वस्त होता आणि चांगली वाळू जवळ. दोन युद्धांच्या मधल्या काळात तिने अमेरिकेतल्या पोरांचे खिसे भरले. तिची पीळदार ‘कॉर्कस्क्रू’ गोटी दुसऱ्या कोणाला जमली नाही: दोन-तीन रंगांची पट्टी गोटीभोवती स्क्रूसारखी फिरते आणि रंग एकमेकांत मिसळत नाहीत. इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या पेल्टियर कंपनीने गोट्यांवर त्या वेळच्या चित्रकथांमधली 12 पात्रं छापली. बेटी बूप त्यांतली एक. ओहायोतल्या केंब्रिजची ‘ख्रिस्तेन्सन ॲगेट’ ही आणखी एक. तिचा वरच्या ख्रिस्तेन्सनशी संबंध नाही, फक्त नाव सारखं. ती 1925 ते 1933 एवढीच चालली, पण तिच्या रंगांना तोड नाही. विजेसारखे भगवे आणि निळे, आणि गिनी कोंबडीच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखा चट्ट्यापट्ट्यांचा मारा. मी तिची एकच गोटी हातात घेतली आहे, दुसऱ्याची, आणि परतही दिली.

यंत्राच्या गोट्यांची नावं ऐकून हसू येतं: सुपरमॅन, केचप अँड मस्टर्ड, भुंगा, पोपाय. यांतली बहुतेक नावं कारखान्यांनी दिलेली नाहीत, मागाहून जमवणाऱ्यांनी ठेवली आहेत. नवशिक्याला ही यादी पाठ करण्याचा मोह होतो. मी म्हणतो, नका करू. कोणत्या कारखान्याच्या यंत्राने काच कशी कापली, कात्रीची रेघ कुठे राहिली, हे आधी शिका. नावं आपोआप येतील.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच. आपल्या गल्ल्यांतली गोटी दोन दारांनी आली. एक दार सोड्याच्या बाटलीचं. हायरम कॉड या लंडनच्या इसमाने 1872 साली ती बाटली पक्की केली. उलटी धरून सोडा भरायचा; गोटी मानेतल्या रबरी कड्यावर येऊन बसते आणि बाटली सरळ केली तरी आतल्या गॅसच्या दाबाने तिथेच चिकटून राहते. अंगठ्याने गोटी आत ढकलली की तो आवाज येतो. विलायतेतल्या पोरांनी गोट्यांसाठी किती बाटल्या फोडल्या याच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. विलायतेत ती बाटली केव्हाच गेली. आपल्याकडे गोटी सोडा अजून मिळतो. दुसरं दार मांजरडोळ्याचं. स्वच्छ काच आणि आत रंगाच्या दोन-चार पाकळ्या. तुमच्या-माझ्या बालपणीची गोटी हीच. ती 1950 च्या सुमारास जपानमधून स्वस्तात बाहेर पडली आणि तिने अमेरिकन कारखान्यांना जेरीस आणलं. अक्रो 1951 मध्ये बंद झाली.

मी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कोल्हापूर-सांगलीची भंगारची दुकानं पालथी घातली. सोड्याच्या गोट्या भरपूर मिळाल्या, मांजरडोळे त्याहून जास्त. दोन टोकांची एकही नाही. भंगारवाले मला ओळखायला लागले, हाच काय तो फायदा.

संग्रहाच्या व्यवहारात गोटीची अवस्था सर्वांत महत्त्वाची. 1975 मध्ये स्थापन झालेल्या ‘मार्बल कलेक्टर्स सोसायटी ऑफ अमेरिका’ने दहापैकी गुण द्यायची पद्धत रुळवली: नऊच्या वर म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, आठच्या वर म्हणजे जवळजवळ तशी, सातच्या वर चांगली, आणि त्याखाली संग्रहासाठी ठीक. टक्कर बसून पृष्ठभागाखाली झालेल्या अर्धगोल तड्याला जमवणारे चंद्र म्हणतात. मी चंद्रकोर म्हणतो. यात एक विचित्र न्याय आहे. ज्या गोटीने सर्वांत जास्त डाव पाहिले तिची किंमत सर्वांत कमी, आणि जी पेटीतून बाहेरच आली नाही तिच्यासाठी हजारो डॉलर. खेळलेली साधी जाळीची गोटी मात्र काही डॉलरांतही मिळते. मला ही उतरंड मान्य नाही, पण बाजार माझं ऐकत नाही.

यातून पॉलिशचा रोग निघाला. पहिल्याच वर्षी मी एका विक्रेत्याकडून कांद्याच्या सालीची एक मोठी गोटी 90 डॉलरला घेतली. घरी आणून भिंगाखाली धरली. पृष्ठभाग आरसा. टोकांच्या जागी दोन गुळगुळीत धूसर डाग, आणि बाहेरच्या थरातली रंगाची रेघ उघडी पडलेली. कोणीतरी ती सेरियम ऑक्साइड लावून घासली होती. दुकानात मी भिंगांच्या कडांना तीच भुकटी तीस वर्षं लावली. म्हणजे माझ्याच धंद्याने मला फसवलं. घासलेली गोटी चमकते, ओरखडे जातात, आणि तिने कुठे जन्म घेतला याचा एकमेव दाखलाही जातो. घासलेली म्हणून सांगून विकली तर त्यात पाप नाही. न सांगता विकली तर काय म्हणायचं, ते वाचकांनी ठरवावं. ती गोटी मी परत केली नाही. माझ्या टेबलावर असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवण्यासाठी.

सौदा कसा होतो ते पाहायचं असेल तर गोट्या जमवणाऱ्यांच्या मेळाव्याला जायला हवं. मी ओहायोत एकदा गेलो. मेळावा रविवारी सभागृहात, पण खरी देवाणघेवाण आधीच्या दोन रात्री मोटेलमध्ये. सगळ्यांनी खोल्यांची दारं उघडी ठेवलेली. गाद्यांवर टॉवेल अंथरलेले, टॉवेलवर अंड्यांचे ट्रे आणि ट्रेमध्ये गोट्या. माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतात, टेबलाचा दिवा ओढून घेतात, गोटी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवतात. बोलणं कमी. काही नियम कोणी सांगत नाही, पण पाळले जातात. गोटी टॉवेलवरच पाहायची, हवेत नाही. दोन गोट्या एकमेकींना लावायच्या नाहीत. एकाच्या हातात गोटी असेपर्यंत दुसऱ्याने भाव विचारायचा नाही. एका ट्रकचालकाने मला नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यासारखा छोटा दिवा दिला आणि खोलीतला दिवा मालवला. टॉवेलवरच्या एक-दोन गोट्या हिरव्यागार पेटल्या. युरेनियम घातलेली काच. पलीकडच्या पलंगावर कोणीतरी "अहाहा" केल्याचा आवाज आला. बहुधा मीच होतो.

तिथे पैशांपेक्षा अदलाबदल जास्त चालते. मी साताऱ्याहून नेलेली सोड्याची हिरवट गोटी एका बाईंनी एका छोट्या जाळीच्या गोटीबद्दल घेतली. त्यांना भारतातली हवी होती. मला वाटलं मी जिंकलो. त्यांनाही बहुधा तसंच वाटलं असेल.

खेळ मात्र या मंडळींपैकी फार थोडे खेळतात. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा 1922 पासून भरते, आता न्यू जर्सीच्या वाइल्डवुडला: दहा फुटी वर्तुळ, मध्ये 13 गोट्या. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या टिन्सली ग्रीन गावी गुड फ्रायडेला 49 गोट्यांचा डाव असतो. आपल्याकडे गल होती, रिंगण होतं, हरलेल्याने कोपराने गोटी ढकलत न्यायची शिक्षा होती. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. ते मी लिहिणार नाही. माझे कोपर अजून आठवणीने दुखतात.

या पुस्तकात भाव दिलेले नाहीत. छापलेला भाव छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत शिळा होतो. इथे पाहायचं कसं तेवढं आहे: उजेड कुठून घ्यायचा, टोकं कशी ओळखायची, पीळ कसा वाचायचा, घासलेली गोटी कशी पकडायची. चित्रं मोठी छापली आहेत, कारण गोटी छोटी असते. इंग्रजी नावं तशीच ठेवली आहेत. ती मराठीत आणायचा प्रयत्न मी एकदा केला आणि ‘कॉर्कस्क्रू’ला ‘चकली’ म्हणून पाहिलं, तेव्हा बायकोने वही मिटून ठेवली.

एक विनंती. आजोळच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या ट्रंकेत, बिस्किटांच्या डब्यात गोट्या सापडल्या तर त्या गरम पाण्यात घालू नका, घासू नका, एकमेकींवर ओतू नका. खिडकीत बसा, एकेक गोटी कापडावर ठेवा आणि बोटाने चाचपा. बोटाला समोरासमोर दोन खरखरीत ठिपके लागले, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर मला एक पत्र टाका. गाव कुठलंही असो, मी एस.टी.ने येईन. भिंग माझं मी आणीन.